टॉरमधून सेलेनियम: अडतीस सेकंदांचा घोळ

सुरुवात एका तक्रारीने झाली. आम्ही ज्या संस्थेची वेबसाइट सांभाळतो तिच्यावर नाव न देता तक्रार नोंदवायचा एक फॉर्म आहे. फेब्रुवारीच्या शेवटी कुणीतरी कळवलं की टॉर ब्राउझरमधून, म्हणजे आपली जोडणी अनेक मशीनमधून फिरवून आपला पत्ता लपवणाऱ्या ब्राउझरमधून, तो उघडतच नाही. फॉर्म नाव लपवू पाहणाऱ्यांसाठीच केलेला, आणि नाव लपवायचं सगळ्यांच्या ओळखीचं साधन हातात घेतलं की नेमका तोच बंद. आम्हाला याचा पत्ताच नव्हता, कारण आमच्यापैकी एकानेही टॉरमधून आपली साइट कधी उघडून बघितली नव्हती.

मी टेस्टर आहे. आमच्या ब्राउझरच्या चाचण्या रोज रात्री आपोआप चालतात. ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम हे साधन फायरफॉक्स उघडतं, फॉर्म भरतं, पाठवतं आणि पोच क्रमांक आला का ते बघतं. टीम लीड म्हणाले, "हीच चाचणी टॉरमधून लाव. म्हणजे पुन्हा बंद पडलं तर लोकांच्या आधी आपल्याला कळेल." मी म्हटलं, एका दुपारचं काम आहे, फक्त प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरचं ट्रॅफिक ज्याच्यामार्फत जातं तो मध्यस्थ, बदलायचा. ४ मार्चला हात घातला आणि ११ एप्रिलला मोकळी झाले. मधल्या पाच आठवड्यांत काय काय झालं ते लिहून ठेवते, म्हणजे याच वाटेने येणाऱ्याचे दोन-तीन दिवस तरी वाचतील.

पहिलं घोडं अडलं ते परवानगीवर. ऑफिसच्या मशीनवर टॉर टाकायचं तर माहिती सुरक्षा विभागाचा अर्ज भरावा लागतो. कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या मशीनवर, कशासाठी, किती दिवस, कुठे कुठे जोडलं जाणार, जबाबदार कोण. ‘कशासाठी’च्या रकान्यात मी ‘चाचणी’ एवढंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी अर्ज परत. शेरा: ‘कारण अपुरे’.

मग जाऊन भेटले. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "हे डार्क वेबचं ना?" मी सांगायला लागले की यामागची कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एन्क्रिप्शनचे थर चढवून वळशावळशाने माहिती नेण्याची कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आली, टॉर प्रोजेक्ट ही २००६ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे, वगैरे. ते शांतपणे ऐकत होते, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "म्हणजे परक्या लोकांचं ट्रॅफिक आपल्या आयपीवरून बाहेर जाणार का?" त्यांची खरी भीती ही होती, आणि तिचं उत्तर सोपं होतं. टॉरचं ट्रॅफिक ज्या मशीनमधून फिरतं ते रिले, आणि जिथून ते बाहेर पडतं तो शेवटचा एक्झिट रिले. तसं फक्त एक्झिट रिले चालवणाऱ्याच्या बाबतीत होतं. आम्ही नुसते क्लायंट असणार, रिले चालवणार नाही. दुसऱ्या अर्जात मी हे वाक्य सगळ्यात वर लिहिलं. सोबत दोनच ठिकाणं दिली, आमची स्वतःची साइट आणि टॉर प्रोजेक्टचं तपासणीचं पान. १३ मार्चला मंजुरी आली. अटी: वेगळं व्हर्च्युअल मशीन, सगळ्या लॉगची नोंद आणि मुदत सहा महिने. तुम्हालाही असा अर्ज करायचा असेल तर कारण एका शब्दात लिहू नका आणि ‘रिले नाही’ हे पहिल्या ओळीत घाला. न विचारता टाकण्याचा मोह मलाही झाला होता. पण टॉरची जोडणी नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्यांना सहज ओळखू येते, आणि मग ‘कारण अपुरे’पेक्षा बरंच काही ऐकावं लागतं.

१४ तारखेला टॉर बसवलं. लॉगमध्ये ‘बूटस्ट्रॅप्ड’ या शब्दापुढे टक्के चढत जातात, शंभर झाले की तयार. माझे काही शंभर होईनात. अर्धा तास फायरवॉलला शिव्या दिल्या. मग लॉग वरपासून नीट वाचला तर त्यात सरळ लिहिलं होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. नव्या व्हर्च्युअल मशीनची वेळ चार तास मागे होती. टॉरला मिळणारी रिलेंची यादी ठराविक वेळेपुरतीच वैध असते, त्यामुळे घड्याळ इतकं चुकलं की ती निरुपयोगी ठरते. वेळ दुरुस्त केली आणि मिनिटभरात शंभर टक्के झाले.

आता टॉर मशीनवर ९०५० या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांक असलेल्या दारावर, कान लावून बसलं. टॉर ब्राउझरसोबत येणारं टॉर ९१५० वर असतं. या दोन आकड्यांची गल्लत करून डोकं आपटणारे बरेच भेटतील. मी ती चूक केली नाही, वेगळी केली. आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये एचटीटीपी प्रॉक्सीची जागा होती, तिथेच ९०५० टाकून मोकळी झाले. पान उघडलं नाही आणि टॉरच्या लॉगमध्ये आलं, ‘सॉक्स व्हर्जन ६७ ओळखता येत नाही’. सॉक्स म्हणजे टॉर प्रॉक्सी म्हणून ज्या भाषेत बोलतं ती. तिची व्हर्जनं मला चार आणि पाच एवढीच माहीत. ही सदुसष्टावी कुठून आली? थोडा वेळ डोकं खाजवल्यावर उलगडलं. सॉक्सच्या संभाषणात पहिला बाइट व्हर्जनचा असतो. माझा ब्राउझर एचटीटीपी प्रॉक्सी समजून ‘कनेक्ट’ हा शब्द पाठवत होता, आणि त्यातल्या पहिल्या इंग्रजी अक्षराचा, म्हणजे ‘सी’चा, आस्की क्रमांक ६७. एचटीटीपीएसऐवजी साधं एचटीटीपीचं पान मागितलं असतं तर ‘गेट’चा ‘जी’ गेला असता आणि लॉगमध्ये ७१ दिसला असता. एवढं मजेशीर उत्तर मिळाल्यावर चुकीचं दुःख राहिलं नाही.

मग कुणीतरी सुचवलं की टॉरसॉक्स वापर, ते दुसऱ्या प्रोग्रामचं ट्रॅफिक टॉरमधून पाठवतं, अख्खी स्क्रिप्टच त्यातून चालव. तसं केलं तर ब्राउझर उघडेचना. सेलेनियममध्ये स्क्रिप्ट थेट ब्राउझरशी बोलत नाही. ती गेकोड्रायव्हर या फायरफॉक्स चालवणाऱ्या मध्यस्थ प्रोग्रामशी बोलते, तेही त्याच मशीनवरच्या एका पोर्टवरून. टॉरसॉक्स स्थानिक पत्त्यावरची जोडणी सुरक्षेसाठी नाकारतं. म्हणजे मी ड्रायव्हरला दिलेला हुकूमच दारात अडवला जात होता. प्रॉक्सी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (कोडच्या बाहेर नाव देऊन ठेवलेल्या सेटिंगमध्ये) टाकला तरी असाच गोंधळ होऊ शकतो, तिथे लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनच्या पत्त्याला, वगळावं लागतं. थोडक्यात, प्रॉक्सी फक्त ब्राउझरला लावा, स्क्रिप्टला नको.

१७ मार्चला योग्य जागा सापडली, फायरफॉक्सच्या प्रोफाइलमधल्या पसंती. प्रॉक्सीचा प्रकार १, म्हणजे हाताने दिलेला. सॉक्सचा होस्ट १२७.०.०.१, पोर्ट ९०५०, व्हर्जन ५. पोर्ट मी कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतला, कारण उद्या बदलला तर सोयीचं. चाचणी चालवली. फॉर्म उघडला, भरला, गेला, पोच क्रमांक आला, हिरवी खूण. वेळ अडतीस सेकंद.

टीम लीडना कळवलं की झालं. तीन रात्री चाचणी हिरवी आली. तक्रार करणाऱ्याच्याच बाजूला काहीतरी बिघाड असेल असं आम्ही जवळजवळ ठरवून टाकलं. उत्तराचा मसुदासुद्धा तयार होता.

२० तारखेला सकाळी मी दोन्ही चाचण्यांच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून बघत होते. थेट चाचणी: सदतीस सेकंद. टॉरमधली: अडतीस. टॉरमध्ये प्रत्येक जोडणी तीन रिलेंमधून जाते, गार्ड, मधला आणि एक्झिट. आमची साइट एरवी सदतीस सेकंद घेते आणि तीन ठिकाणी वळसे घालून आल्यावर फक्त एक सेकंद जास्त? कुठेतरी पाणी मुरत होतं.

टॉरची सेवाच बंद केली आणि चाचणी पुन्हा चालवली. हिरवी!

म्हणजे तीन रात्री चाचणी थेटच चालली होती, टॉरला तिचा स्पर्शही नव्हता. कारण काय, तर पायथनला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून जे मिळतं ते नेहमी अक्षरांच्या रूपात मिळतं. मी फायरफॉक्सला ९०५० हा आकडा दिला नव्हता, ‘९०५०’ अशी अक्षरं दिली होती. पोर्टच्या पसंतीला पूर्णांक लागतो. प्रकार जुळला नाही म्हणून ती बाजूला पडली, पोर्ट शून्यच राहिला, आणि पोर्ट शून्य असलेला प्रॉक्सी म्हणजे प्रॉक्सी नाहीच. चूक झाल्याचा एक शब्द कुठे उमटला नाही. दुरुस्ती काय, तर ‘इंट’ हा शब्द आणि एक कंस. उत्तराचा मसुदा पाठवला असता तर? त्या विचाराने अजून कसंतरी होतं. टीम लीडना जाऊन सांगितलं की तीन दिवसांचे निकाल खोटे आहेत. ते रागावले नाहीत, "मग आता खरे कसे ओळखायचे?" एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून चाचणीला दोन गोष्टी जोडल्या. एक, फॉर्मकडे जाण्याआधी त्याच ब्राउझरमध्ये टॉर प्रोजेक्टचं तपासणीचं पान उघडायचं. त्याचा एक प्रकार माणसांसाठी आहे आणि एक यंत्रांसाठी. यंत्रांसाठीचं पान जेसन या यंत्राला वाचता येणाऱ्या मांडणीत दोनच गोष्टी सांगतं, तुम्ही टॉरमधून आलात का आणि कोणत्या आयपीवरून. उत्तर ‘हो’ नसेल तर चाचणी तिथेच थांबते. यातही एक खडा लागला. फायरफॉक्स जेसनला आपल्या नटव्या खिडकीत दाखवतं, त्यामुळे पानावरचा मजकूर वाचायला गेलं की बटणांची नावंही त्यात मिसळून येतात. पसंतींमध्ये ते जेसन दर्शक बंद केलं की सरळ मजकूर मिळतो. दुसरी गोष्ट, आठवड्यातून एकदा टॉर मुद्दाम बंद ठेवून हीच चाचणी चालवायची, आणि ती लाल झालीच पाहिजे. फायरफॉक्स ‘प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे’ असं पान दाखवतं. मला ते पान पहिल्यांदा दिसलं तेव्हा जिवात जीव आला.

खरं टॉर सुरू झाल्यावर लॉगमध्ये नवा इशारा दिसायला लागला: तुमचा प्रोग्राम टॉरला नुसता आयपी पत्ता देतोय, नावाचा शोध स्वतःच घेत असेल तर माहिती फुटू शकते. हा ब्राउझर नव्हता. साइट जिवंत आहे का हे बघणारी एक छोटी पायथन स्क्रिप्ट चाचणीच्या आधी चालते, तिच्या प्रॉक्सीच्या पत्त्यात मी ‘सॉक्स५’ लिहिलं होतं. तसं लिहिलं की नावावरून आयपी शोधायचं काम आपलंच मशीन करतं, म्हणजे कोणती साइट उघडतोय ते नावांचे आयपी सांगणाऱ्या नेहमीच्या डीएनएस सर्व्हरला आधीच कळतं. ‘सॉक्स५एच’ लिहिलं की नाव जसंच्या तसं टॉरकडे जातं आणि शोध पलीकडच्या टोकाला होतो. एका ‘एच’चा फरक. फायरफॉक्समध्ये यासाठी दूरस्थ डीएनएसची वेगळी पसंती आहे, ती मी हाताने चालू करून ठेवली, मूळची काय असेल यावर विसंबले नाही. मग एका खिडकीत टीसीपीडंप (नेटवर्कवरचं ट्रॅफिक दाखवणारं साधन) डीएनएसच्या पोर्ट ५३ वर लावलं, दुसरीत चाचणी चालवली आणि साडेतीन मिनिटं रिकाम्या खिडकीकडे बघत बसले. आमच्या साइटच्या नावाची एकही ओळ आली नाही. क्रोम वापरणाऱ्यांसाठी: तिथे उलट आहे, ‘सॉक्स५’ लिहिलं तरी क्रोम पानांच्या पत्त्यांचा शोध प्रॉक्सीवरच सोपवतं. मात्र सॉक्स प्रॉक्सीला नाव आणि पासवर्ड देण्याची सोय त्यात नाही.

साडेतीन मिनिटं म्हटलं ना, तीच आता चाचणीची खरी वेळ होती. कधी दोन मिनिटं, कधी चार. आमच्या स्क्रिप्टमध्ये पान उघडायला वीस सेकंदांची मर्यादा होती आणि जागोजागी ‘तीन सेकंद झोप’ अशा ओळी पेरलेल्या होत्या. कुणी पेरल्या ते विचारू नका. त्या सगळ्या काढल्या. ‘पोच क्रमांकाचा रकाना दिसेपर्यंत थांब, जास्तीत जास्त नव्वद सेकंद’ अशा अटींवर थांबणाऱ्या ओळी घातल्या, आणि पानाची मर्यादा दोन मिनिटांवर नेली. या कामाला दोन दिवस गेले, पण त्यामुळे थेट चाचणीही सुधारली. सदतीस सेकंदांतले अकरा सेकंद ती नुसती झोपत होती.

आणि मग, २६ मार्चला, चाचणी खऱ्या अर्थाने लाल झाली. टॉर चालू, तपासणीचं पान ‘हो’ म्हणतंय, आणि आमच्या साइटवर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. एकदा ४०३, एकदा कॅप्चाचं कोडं, एकदा पान नीट उघडलं, मग परत ४०३. तक्रार करणारा अगदी बरोबर होता. साइटच्या पुढे आम्ही एक फायरवॉल सेवा घेतलेली आहे. तिच्यात बदनाम आयपी अडवण्याचा नियम कधीतरी चालू केलेला होता. एक्झिट रिलेंची यादी जाहीर असते आणि एकेका एक्झिटमागे असंख्य लोक असतात. त्यातल्या एखाद्याने कुठे धुडगूस घातला की तो पत्ता सगळ्यांसाठी बदनाम होतो.

बदलाची विनंती टाकली. पायाभूत सुविधांच्या टीमने विचारलं, "कोणते आयपी मोकळे करायचे?" त्यांना समजावलं की पत्ते बदलत राहतात, आज मोकळे केलेले उद्या उपयोगी पडणार नाहीत. त्यांची बाजूही चुकीची नव्हती. सगळंच मोकळं केलं तर फॉर्मवर कचऱ्याचा पाऊस पडेल. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की टॉरमधून येणाऱ्यांना फक्त फॉर्मच्या पानांपुरती वाट मोकळी, पूर्ण अडवणूक नाही, पण एका पत्त्यावरून ठराविक वेळात येणाऱ्या विनंत्यांवर मर्यादा. २७ मार्चला टाकलेली विनंती ३ एप्रिलला लागू झाली. त्या रात्री आलेली हिरवी खूण मी दोनदा तपासली.

आता एकच शंका उरली. एका एक्झिटवरून चाललं म्हणजे सगळीकडून चालेल असं थोडंच? टॉर एकच सर्किट (तीन रिलेंचा एक मार्ग) नव्या जोडण्यांसाठी साधारण दहा मिनिटं वापरतं, म्हणजे माझी अख्खी चाचणी एकाच एक्झिटवरून निघायची. स्टेम नावाची पायथन लायब्ररी आहे, तिने टॉरला हुकूम द्यायच्या कंट्रोल पोर्टवर, म्हणजे ९०५१ वर, ‘नवी ओळख’ असा संदेश पाठवता येतो. आधी परवानगीची चूक आली, कारण तिथली ओळख पटवायची कुकी फाइल फक्त टॉरच्या गटाला वाचता येते. स्वतःच्या खात्याला त्या गटात घातलं आणि लॉगआउट करून परत आत आले. मग संदेश जायला लागला, पण आयपी तोच! पुन्हा पाठवला, तरी तोच. घाईघाईने पाठवून उपयोग नव्हताच, कारण दोन संदेशांत दहा सेकंदांचं अंतर टॉर स्वतःच पाळतं. पण मुख्य कारण वेगळं होतं. नवी ओळख फक्त नव्या जोडण्यांना लागू होते. उघडा ब्राउझर जुनी जोडणी हातात धरून बसलेला असतो आणि त्याच पाइपातून पुढची पानं मागवतो. ब्राउझर बंद करून नवा उघडला की पत्ता बदलतो.

हे सगळं जमवल्यावर मी ते टाकूनही दिलं. टॉरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सॉक्स पोर्टच्या तीन ओळी लिहिता येतात, ९०५०, ९०५२, ९०५३. प्रत्येक पोर्टची सर्किटं आपोआप वेगळी राहतात. चाचणी आता तीनदा चालते, दरवेळी नव्या पोर्टवरून नवा ब्राउझर. एक्झिट बहुतेक वेळा तीन वेगळे येतात. पहिला मुक्काम, गार्ड, मात्र तोच राहतो, टॉरने ते मुद्दाम तसं ठेवलंय. कंट्रोल पोर्ट बंद करून टाकला. एक दार कमी. तीनपेक्षा जास्त फेऱ्या मी लावल्या नाहीत. हे रिले लोक स्वखुशीने चालवतात, त्यांची बँडविड्थ आपल्या हौसेसाठी नाही.

शेवटच्या आठवड्यात, केवळ कुतूहलापोटी, खऱ्या टॉर ब्राउझरमध्ये सुरक्षेची पातळी सगळ्यात वरची ठेवून फॉर्म उघडला. त्या पातळीवर जावास्क्रिप्ट बंद असतं. आमचं ‘पाठवा’ बटण मुकं झालं. माझ्या चाचणीला हे कधीच दिसलं नसतं, कारण सेलेनियमच्या हातातला फायरफॉक्स आणि टॉर ब्राउझर एक नव्हेत. वाट तीच असली तरी खिडकीचा आकार, टाइमझोन, फॉन्ट सगळं वेगळं, शिवाय आपण यंत्र चालवतोय हे ब्राउझर स्वतःच पानाला सांगतो. म्हणून स्वतःला लपवायची गरज असणाऱ्याने माझी ही जुळवणी वापरू नये, ती साइट तपासायला केली आहे. बटणाची दुरुस्ती डेव्हलपरने १० एप्रिलला केली, साधा एचटीएमएल फॉर्म, जावास्क्रिप्टशिवाय जाणारा.

११ तारखेला तक्रार करणाऱ्याला उत्तर गेलं. आधीचा मसुदा मी खोडला होताच.

खर्चाचं म्हणाल तर टॉर, सेलेनियम, स्टेम सगळं फुकट. माझे चौदा कामाचे दिवस गेले, बाकीचे सगळे वाट बघण्यात. परवानगीची मुदत सप्टेंबरच्या मध्यात संपते. नूतनीकरणाचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा असतो, म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे, आणि कारणाच्या रकान्यासाठीचा मजकूर तयार आहे.